स्पष्टीकरण : आनेकलमधील घर उभे राहताना कोणत्या टप्प्यावर काय पाहावे?

आनेकल (बेंगळुरू) : बेंगळुरूच्या दक्षिणेकडील आनेकल तालुक्यात स्वतःचे घर बांधणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढत असताना बांधकामाच्या प्रगतीवर नेमके लक्ष कसे ठेवावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरत आहे. नोकरीनिमित्त इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्र, जिगणी या पट्ट्यात स्थिरावलेल्यांमध्ये मराठी कुटुंबेही आहेत. त्यांपैकी अनेकांसाठी भूखंड आनेकलमध्ये, भाड्याचे घर शहरात आणि थोरली मंडळी महाराष्ट्रात अशी स्थिती असते. भिंत किती उंच गेली याचे छायाचित्र मोबाइलवर रोज येते. मात्र भिंतीच्या उंचीवरून ना घराची मजबुती कळते, ना त्याची कायदेशीर स्थिती.

सदनिका घेणाऱ्या ग्राहकाला स्थावर संपदा कायद्याचे संरक्षण असते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक असून, ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत आढळणाऱ्या संरचनात्मक दोषांची जबाबदारी विकासकावर असते. स्वतःच्या ३० बाय ४० फुटांच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारे कुटुंब या चौकटीत येत नाही. येथे मालक हाच एका अर्थाने विकासक असतो. त्यामुळे करार, मंजूर आराखडा आणि प्रत्येक टप्प्यावरील तपासणी हेच त्याचे संरक्षण ठरते.

आनेकलकडे ओढा कशामुळे?

आनेकल हा बेंगळुरू नागरी जिल्ह्यातील तालुका तमिळनाडूतील होसूरला लागून आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या परिसरातील माहिती तंत्रज्ञान कंपन्या, तसेच बोम्मसंद्र, जिगणी व अत्तिबेले येथील औद्योगिक वसाहती यांमुळे येथे घरांची मागणी आधीपासूनच होती. १० ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय विद्यालय रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. १९.१५ किलोमीटर लांबीच्या आणि १६ स्थानकांच्या या मार्गिकेचे दक्षिणेकडील टोक आनेकल तालुक्यातच आहे. शहराच्या मध्यभागातील भूखंडांचे दर आवाक्याबाहेर गेलेल्या नोकरदारांना त्यामुळे चंदापुर, अत्तिबेले आणि आनेकल शहर हे पर्याय जवळचे वाटू लागले.

मात्र हा तालुका प्रशासकीयदृष्ट्या एकसंध नाही. आनेकल शहरासाठी पुरसभा, म्हणजे नगरपालिका आहे. हेब्बगोडी, बोम्मसंद्र, चंदापुर, अत्तिबेले व जिगणी येथे स्वतंत्र नागरी संस्था आहेत आणि उर्वरित गावे ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत येतात. नियोजनाचे काम आनेकल नियोजन प्राधिकरणाकडे आहे. म्हणूनच भूखंड कोणत्या संस्थेच्या हद्दीत येतो, हा पहिला प्रश्न असतो. कराची पावती, आराखड्याची मंजुरी, पाणी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांचे उत्तर त्यावरच अवलंबून असते.

महाराष्ट्रातील सातबारा, येथील पहणी

कर्नाटकातील महसुली शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतात, पण त्यांचा अर्थ जसाच्या तसा लागू होत नाही. सातबाऱ्याच्या जागी येथे आरटीसी असते आणि तिला बोलीत ‘पहणी’ म्हणतात. गावठाणाला ‘ग्रामठाणा’ असा शब्द आहे. घराच्या पायालाही कन्नडमध्ये ‘पाया’ असेच म्हटले जाते. ‘खाता’ हा शब्द मात्र फसवा आहे. खाता म्हणजे मालमत्ता कोणाच्या नावे करआकारणीस पात्र आहे याची स्थानिक संस्थेकडील नोंद होय. ती मालकी सिद्ध करणारा दस्त नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखत आणि त्यामागील दस्तांच्या साखळीवरूनच ठरते.

शेतजमिनीवर घर बांधण्यापूर्वी कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ नुसार तिचे बिगरशेती वापरात रूपांतर व्हावे लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्या व्यक्तीलाही शेतजमीन विकत घेता येते. महाराष्ट्रातील नियमांची सवय असलेल्यांना ही मोठी सवलत वाटते. परंतु जमीन विकत घेता येणे आणि तिच्यावर घर बांधता येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. रूपांतर व अभिन्यासाची मंजुरी नसलेल्या जमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांना येथे ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात. ते स्वस्त असतात, पण आराखड्याची मंजुरी, बँकेचे कर्ज आणि वीजजोडणी या तिन्ही ठिकाणी अडतात.

नागरी हद्दीत ‘ए’ आणि ‘बी’ असे खात्याचे दोन प्रकार आहेत. ग्रामपंचायतीत नमुना ९ आणि नमुना ११ यांवरून मालमत्तेची स्थिती कळते; ‘११ बी’ हा नमुना अधिकृत मंजुरी नसलेल्या मालमत्तांसाठी आहे. २०२४ च्या अखेरीपासून राज्यात मालमत्तेच्या नोंदणीसाठी ई-खाता आवश्यक करण्यात आला. त्यामुळे अनेक जुन्या मालमत्तांना संगणकीकृत नोंद मिळाली. मात्र ‘बी’ खाता मिळाला म्हणून त्यावरील बांधकाम आपोआप नियमित होत नाही.

भूखंडाचा ऋणभार दाखला, म्हणजे त्यावरील बोजा व व्यवहारांचा उतारा, ‘कावेरी’ या नोंदणी प्रणालीवर मिळतो. एप्रिल २००४ नंतरच्या नोंदी ऑनलाइन पाहता येतात. त्यापूर्वीच्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करावा लागतो. साधारणतः ३० वर्षांची साखळी वकिलाकडून तपासून घेण्याचा प्रघात आहे. त्यात आणखी एक बाब पाहावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना सरकारने दिलेल्या जमिनींच्या हस्तांतरावर १९७८ च्या राज्य कायद्याने निर्बंध आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनुसार अशी जमीन परत मिळवण्याच्या दाव्याला मुदतीची अट राहिलेली नाही. मूळ जमीन अनुदानात दिलेली असल्यास अनेक दशकांनंतरही वाद उभा राहू शकतो.

भूखंडाचे स्थानही तितकेच महत्त्वाचे आहे. तालुक्याच्या पश्चिमेला बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. मार्च २०२० च्या अधिसूचनेने त्याच्या भोवतीचे १६८.८४ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून निश्चित केले असून तेथे बांधकामावर अटी आहेत. तलाव, पाण्याचे पाट म्हणजे ‘राजकालुवे’ आणि सरकारी जमीन यांची स्थिती राज्य सरकारच्या ‘दिशांक’ या मोबाइल उपयोजनावर सर्वेक्षण क्रमांकानुसार पाहता येते.

खरेदीच्या खर्चाचा अंदाजही आधीच करावा लागतो. भूखंडाच्या खरेदीखतावर पाच टक्के मुद्रांक शुल्क असून त्यावर उपकर व अधिभार लागतो. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झाले. म्हणजे ४० लाख रुपयांच्या भूखंडासाठी केवळ नोंदणीचा खर्च तीन लाख रुपयांच्या आसपास जातो. बँका कर्जाचे प्रमाण ठरवताना ही रक्कम सहसा धरत नाहीत.

मंजूर आराखडा आणि शेवटची वीजजोडणी

आराखडा मंजूर होण्यापूर्वीच पाया खोदण्याची घाई अनेक ठिकाणी होते. मुहूर्त ठरलेला असतो, ठेकेदाराची माणसे मोकळी असतात आणि मंजुरीला वेळ लागत असतो. या घाईची किंमत घर पूर्ण झाल्यावर मोजावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील मेरठ येथील एका प्रकरणात दिलेल्या निकालात अनधिकृत बांधकामांबाबत देशभर लागू होणारे निर्देश दिले. बांधकामाच्या काळात मंजूर आराखडा जागेवर लावलेला असावा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासणी करून तिची नोंद ठेवावी, कायमस्वरूपी वीज, पाणी व सांडपाणी जोडणी पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी आणि बँकांनीही अशा प्रमाणपत्राची खातरजमा करावी, असे त्यात म्हटले आहे.

या निकालानंतर २०२५ मध्ये कर्नाटकातील वीज वितरण कंपन्यांनी नव्या इमारतींच्या जोडणीसाठी भोगवटा प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात केली. बांधून तयार असलेली अनेक घरे त्यामुळे कायमस्वरूपी विजेविना राहिली. पुढे राज्य सरकारने १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील लहान घरांना काही सवलती दिल्या, पण त्या हद्द आणि मजल्यांच्या संख्येशी निगडित आहेत. आपल्या भूखंडाला कोणता नियम लागू होतो, हे काम सुरू करण्यापूर्वीच पुरसभा किंवा पंचायत आणि बेस्कॉमच्या स्थानिक कार्यालयात विचारून घेणे हिताचे असते.

आराखड्यापेक्षा एक खोली अधिक, सोडावयाच्या मोकळ्या जागेत दोन फुटांची वाढ किंवा वरचा एक मजला हे बदल बांधताना किरकोळ वाटतात. प्रमाणपत्र मागताना तेच अडथळा ठरतात. बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती वीजजोडणी कायम घरगुती जोडणीत बदलते का, यावर घराचा खरा शेवटचा टप्पा अवलंबून असतो.

पाया : एकदाच दिसणारा भाग

आनेकलचा परिसर कठीण ग्रॅनाइटी खडकाचा असून वर तांबडी माती आहे. अशी जमीन सामान्यतः घरासाठी चांगली मानली जाते. अडचण येते ती भरावाच्या जमिनीवर. जुन्या खाणी, नाले किंवा तलावाकाठच्या सखल जागा भरून पाडलेल्या भूखंडांवर वरची माती तांबडी दिसली, तरी खालचा थर मोकळा असू शकतो. पाया मूळ घट्ट थरापर्यंत जाणे आवश्यक असते. म्हणून खोदाई पूर्ण झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी संरचना अभियंत्याने खड्डे पाहणे, ही संपूर्ण बांधकामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी ठरते.

बेंगळुरू परिसर भूकंपप्रवणतेच्या दृष्टीने कमी जोखमीच्या दुसऱ्या क्षेत्रात गणला जात आला आहे. तरीही कॉलम आणि बीमच्या सांध्यांमधील सळया, रिंगांमधील अंतर आणि त्यांची आत वळवलेली टोके आराखड्याप्रमाणे आहेत का, हे पाहावेच लागते. सळईभोवती काँक्रीटचे आवरण पुरेसे नसेल तर कालांतराने ती गंजते. भारतीय मानकानुसार फूटिंगसाठी ५० मिलिमीटर आणि सौम्य हवामानातील स्लॅबसाठी २० मिलिमीटर आवरण अपेक्षित आहे. ठेकेदाराने सळईखाली दगडाचे तुकडे न ठेवता कव्हर ब्लॉक वापरले आहेत की नाही, हे अभियंता नसलेल्या व्यक्तीलाही दिसते.

लोखंडाचा हिशेबही घरच्या माणसाला करता येतो. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एक मीटर सळईचे किलोग्रॅममधील वजन मिळते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई त्यानुसार सुमारे १०.७ किलोची असते. वजनकाट्याची पावती आणि सळयांची संख्या यांचा मेळ बसत नसेल, तर प्रश्न विचारण्यास आधार मिळतो. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट चाचणीशिवाय वापरू नये, असा संकेत आहे.

जोत्यापर्यंतचे काम झाल्यावर वाळवीप्रतिबंधक उपचार, मातीचा भराव थराथराने पाणी देऊन दाबणे आणि सांडपाण्याच्या नळ्यांचा उतार पाहणे आवश्यक असते. फरशी घातल्यावर यांपैकी काहीही दिसत नाही.

भिंती आणि साहित्य

बेंगळुरू परिसरात लाल विटांऐवजी घन काँक्रीट ठोकळ्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. सिमेंट मिसळून दाबलेले मातीचे ठोकळे हा दुसरा पर्याय. त्यांच्या संशोधनात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे. ग्रामीण तंत्रज्ञानासाठी संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या उपक्रमातून हे काम पुढे आले. पाया खणताना निघालेली योग्य प्रतीची माती त्यासाठी वापरता येते आणि भट्टीचे इंधन वाचते. मात्र अशा भिंतींना जोत्याची पुरेशी उंची आणि छताचे पुढे आलेले छज्जे लागतात.

नदीच्या वाळूची जागा आता दगड भरडून केलेल्या वाळूने घेतली आहे. चाळलेली, धुतलेली वाळू आणि खडीच्या यंत्रावर उरणारी भुकटी यांत फरक आहे. भुकटीचे प्रमाण अधिक असल्यास गिलाव्याला बारीक तडे पडतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. करापूर्वी ३०० रुपये किंमत असलेली गोणी पूर्वी ३८४ रुपयांना पडत असेल, तर नव्या दराने ती ३५४ रुपयांना पडते. साहित्यासह ठेका दिलेल्या कुटुंबाने त्याआधीच्या दराने करार केला असेल, तर या कपातीचा लाभ कोणाला मिळतो, हे करारातील किंमतबदलाच्या कलमावर ठरते.

स्लॅबचा दिवस आणि त्यानंतरचे आठवडे

स्लॅब टाकण्याच्या दिवसाला बेंगळुरूत ‘मोल्डिंग’ म्हणतात. एक हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला साधारण ११.८ घनमीटर काँक्रीट लागते. एम-२० प्रतीसाठी जागेवरच माल कालवल्यास सिमेंटच्या ९० ते ९५ गोण्या लागतात. बीमचे काँक्रीट वेगळे. आदल्या दिवशी किती गोण्या उतरल्या आणि काम संपल्यावर किती उरल्या, ही साधी मोजणी मिश्रणाच्या प्रतीची कल्पना देते.

त्या दिवशी सर्वांत मोठा धोका पाण्याच्या प्रमाणाचा असतो. काँक्रीट सहज पसरावे म्हणून मजूर वरून पाणी ओततात. त्याने काम सोपे होते आणि ताकद घटते. भारतीय मानकानुसार ६ ते १५ घनमीटर काँक्रीटसाठी दोन नमुने घ्यावेत आणि प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे करावेत, असे अपेक्षित आहे. २८ दिवसांनी प्रयोगशाळेत ते दाबून पाहिले जातात. लहान घरांच्या बांधकामात ही चाचणी बहुधा टाळली जाते. प्रत्यक्षात तिचा खर्च स्लॅबच्या खर्चापुढे नगण्य असतो.

स्लॅबनंतर काम ‘थांबल्यासारखे’ दिसते आणि त्याच वेळी घाई होते. सामान्य पोर्टलँड सिमेंट वापरले असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालील टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालील टेकू १४ दिवस ठेवावेत, असे मानक सांगते. बीमखालील टेकू गाळ्यानुसार १४ ते २१ दिवस ठेवावे लागतात. राखमिश्रित किंवा स्लॅगमिश्रित सिमेंटची ताकद संथपणे वाढते, त्यामुळे ही मुदत अभियंत्याच्या सल्ल्याने वाढवावी लागते. काँक्रीटला ओलावाही सामान्य सिमेंटसाठी किमान सात आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस द्यावा लागतो. या दिवसांत छायाचित्रात काहीही बदल दिसत नाही, तरीही घराची ताकद त्याच दिवसांत तयार होत असते.

पाणी : बांधकामाचे खरे वेळापत्रक

महाराष्ट्रात दसरा-दिवाळीनंतर काम काढून पावसाळ्यापूर्वी छत पूर्ण करण्याची पद्धत आहे. आनेकलमध्ये हे गणित थोडे बदलते. बेंगळुरू परिसरात मे महिन्यात वळवाचे पाऊस होतात, सप्टेंबर व ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने असतात आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा परिणाम त्यानंतरही जाणवतो. खोदाईसाठी जानेवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा, पण तोच पाणीटंचाईचा. पाया कोरड्या दिवसांत आणि स्लॅब पाणी उपलब्ध असताना, असा मेळ घालावा लागतो.

केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गीकरणात आनेकल तालुका अतिउपसा झालेल्या क्षेत्रांत मोडतो. भूगर्भात दरवर्षी मुरणाऱ्या पाण्यापेक्षा येथे उपसा अधिक आहे. कूपनलिका खोल जात आहेत आणि पाणी लागेलच याची शाश्वती नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कार्यान्वित झालेला कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पाचवा टप्पा बेंगळुरू महापालिकेत समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी होता. आनेकल शहर त्यात नव्हते. मार्च २०२४ च्या टंचाईत बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने बांधकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली होती. त्या काळात शहरात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या वापरावर भर देण्यात आला.

टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी काँक्रीटसाठी योग्य आहे का, याची तपासणी करता येते. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, तसेच आम्लता दर्शवणारा निर्देशांक सहापेक्षा कमी नसावा, असे मानक आहे. ओलावा टिकवण्यासाठी स्लॅबवर आळी करून पाणी साठवणे आणि कॉलमना ओली पोती गुंडाळणे यांमुळे सतत पाइपने पाणी मारण्यापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते.

पावसाच्या पाण्याची साठवण आराखड्यातच धरल्यास तिचा खर्च कमी येतो. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस गृहीत धरला आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती आले, तर एक हजार चौरस फुटांच्या छतावरून सुमारे ६७ हजार लिटर पाणी मिळते. माणशी दररोज १३५ लिटर या शहरी निकषाने चौघांच्या कुटुंबाची ती जवळपास चार महिन्यांची गरज आहे. सर्व पाणी टाकीत मावणार नाही. उरलेले शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवता येते.

पैसा कामाच्या पुढे जाऊ नये

बहुतेक वाद दर्जापेक्षा हप्त्यांवरून सुरू होतात. समजा, ४० लाख रुपयांच्या ठेक्यात ५० टक्के रक्कम दिली गेली आणि प्रत्यक्ष काम ३० टक्केच झाले. अशा वेळी कुटुंबाचे आठ लाख रुपये उघड्यावर असतात. ठेकेदाराने काम सोडल्यास दुसरा ठेकेदार अर्धवट कामाचा दर वाढवूनच लावतो. म्हणून पाया, जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा आणि अंतिम काम असे टप्पे ठरवून, प्रत्येक हप्ता टप्पा पूर्ण झाल्यावर आणि अभियंत्याच्या लेखी शेऱ्यानंतर देण्याची अट करारात असावी लागते. शेवटची काही टक्के रक्कम ताब्यानंतर एका पावसाळ्यापर्यंत राखून ठेवल्यास गळतीची दुरुस्ती करून घेणे सोपे जाते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. स्वतंत्र घरासाठी बँक ही रक्कम टप्प्याटप्प्याने देते. बँकेचा मूल्यनिर्धारक जागेवर येतो, परंतु तो काम किती झाले हे पाहतो. सळई किंवा मिश्रण तपासत नाही. त्याच्या भेटीला गुणवत्तेचा दाखला समजणे चुकीचे ठरते.

विलंबाचा भार दुहेरी असतो. २० लाख रुपये कर्ज उचलले असेल आणि व्याज आठ टक्के धरले, तर महिन्याला सुमारे १३,३०० रुपये केवळ व्याजात जातात. भाडे २० हजार असल्यास चार महिन्यांच्या विलंबाची किंमत १ लाख ३३ हजार रुपये होते. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत स्वतःच्या वास्तव्याच्या घरासाठी व्याजावर वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र कर्ज घेतलेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण न झाल्यास ही मर्यादा ३० हजारांवर येते. काम दोन भागांत, अनेक वर्षांच्या अंतराने करू पाहणाऱ्यांनी ही मुदत लक्षात ठेवायला हवी.

ठेकेदाराशी वाद झाल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात स्पष्ट केले आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तिचा समावेश आहे. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. तेथे तोंडी आश्वासनांचा उपयोग होत नाही. लेखी करार, बँकेमार्फत दिलेले हप्ते आणि दिनांकासह छायाचित्रे हाच पुरावा असतो.

दुरून लक्ष ठेवताना

जागेवर रोज जाता येत नसेल, तर छायाचित्रे कोणती मागवायची हे ठरवणे महत्त्वाचे ठरते. झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंद आधी व्हायला हवी : खड्ड्याचा तळ, कॉलमच्या सळया, काँक्रीटपूर्वीची स्लॅबची जाळी, भिंतीतील विजेच्या नळ्या आणि स्नानगृहातील पाण्याच्या नळ्या. मोजपट्टी ठेवून काढलेले एक छायाचित्र दहा मिनिटांच्या चित्रफितीपेक्षा अधिक माहिती देते. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना हाच संग्रह उपयोगी पडतो.

पाण्याच्या नळ्यांची दाब देऊन चाचणी गिलाव्यापूर्वी करावी लागते. स्नानगृह व गच्चीच्या जलरोधक थरावर एक ते दोन दिवस पाणी साठवून खालच्या बाजूला ओल येते का, हे फरशी बसवण्यापूर्वी पाहावे लागते. उगादीच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास मजूर गावी जातात. तो खंड वेळापत्रकात आधीच धरलेला बरा.

भूमिपूजनाला येथे ‘गुद्दली पूजा’ म्हणतात, म्हणजे कुदळीची पूजा. मराठी घरात चौकट बसताना पूजा होते, तशी ती कन्नड घरातही होते. आईवडील याच दिवसांसाठी गावाहून येतात. अभियंत्याची भेटही त्याच सुमारास ठरवली, तर पाया, चौकट आणि स्लॅब या तीन दिवशी पैसे देणारी, निर्णय घेणारी आणि तपासणारी माणसे एकत्र असतात.

गृहप्रवेशाची तारीख ठरवण्यापूर्वी मात्र चार कागद हातात आहेत का, हे पाहणे आवश्यक असते : मंजूर आराखडा, लागू असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, घराच्या नोंदीसह अद्ययावत ई-खाता आणि कायमस्वरूपी वीजजोडणीचा आदेश. कर्ज फिटल्यावर मूळ दस्त ३० दिवसांत परत करणे बँकांवर बंधनकारक असून विलंबासाठी दररोज पाच हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी बँकेकडे कोणते दस्त दिले, याची पोचपावतीसह यादी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावी लागते.